प्रतिसाद: वाट बघा म्हणणाऱ्यांसाठी

‘मुलं उशिरा बोलतातच, तीन वर्षांपर्यंत वाट बघा’ असं वर एका ताईंनी लिहिलंय. आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या घरीही सासूबाई हेच म्हणायच्या, ‘याचा बाबाही असाच होता’ हे वरून!

पण प्रश्न नुसता बोलण्याचा नसतो, कधी त्यामागे ऑटिझम (स्वमग्नता) असू शकतो. त्याची शंका वेळीच यावी म्हणून 16 ते 30 महिन्यांच्या बाळांसाठी एम-चॅट नावाची 20 प्रश्नांची यादी आहे, आईबाबांनी उत्तरं द्यायची. त्यात विचारतात, की बाळ गंमत दाखवायला बोट करतं का, नाव घेतलं की वळून बघतं का. संक्रांतीला गच्चीवरून पतंग दिसला की आमचा मुलगा टक लावून बघायचा. पण ‘आई, बघ’ म्हणून बोट कधीच नाही. तेव्हा ते लक्षातच आलं नाही.

या यादीत गुण जितके जास्त, तितकी शंका जास्त. 8 किंवा जास्त गुण आले तर थेट सविस्तर तपासणीला पाठवतात. 3 ते 7 असले तर आधी तेच प्रश्न खोलात विचारतात. हे निदान नव्हे, नुसती चाळणी.

दीड वर्षाच्या बूस्टर लसीला जाताच ना, तेव्हाच डॉक्टरांना विचारा. आमच्या डॉक्टरांनी वजन केलं, सुई टोचली, पुढचा नंबर. मीही विचारलं नाही म्हणा. खासगी परवडत नसेल तर अंगणवाडीत मुलं तपासायला येणाऱ्या आरबीएसकेच्या (सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या) पथकाला दाखवा, तिथे पैसे लागत नाहीत.