मदत हवी आहे: जुन्या गाडीला इंजिन फ्लश मारावा का? (आजच सांगा)

खड्डेमुक्त_स्वप्न: उद्या सकाळी गाडी सर्व्हिसिंगला द्यायची आहे. गॅरेजवाला म्हणतोय, ऑइल काढायच्या आधी फ्लशची बाटली ओतू, आतली सगळी काजळी निघेल. शेजारचे काका म्हणतात, भलतं काही करू नकोस, इंजिन बसेल. हो की नाही एवढंच सांगा, निबंध नकोत.

वंगणवेडा: गाडी कुठली? पेट्रोल की डिझेल? किती पळालीय? यातलं काहीच सांगायचं नाही आणि वर निबंध नकोत!

खड्डेमुक्त_स्वप्न: वॅगनआर, 2011, पेट्रोल, 1 लाख 74 हजार. पुण्यातच, घर ते ऑफिस. ऑइल वेळेवर बदलतो.

कडक_क्लच: वेळेवर म्हणजे किलोमीटर बघून की महिने बघून? सिग्नलला उभी असतानाही इंजिन फिरतच असतं, मीटर फिरत नाही. जवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, पेट्रोल आणि पाण्याचा अंश ऑइलमध्येच राहतो. गाळ तिथूनच धरतो.

सह्याद्रीस्वार: बिनधास्त मार रे. मी पहिल्यापासून दर सर्व्हिसिंगला 300 मिलीची बाटली वापरतो. जुन्या ऑइलमध्ये ओतायची, 10-15 मिनिटं आयडलिंगला ठेवायची, रेस द्यायची नाही, चालवायची तर अजिबात नाही. गरम असतानाच ऑइल काढायचं, फिल्टर नवा. इंजिन लोण्यासारखं चालतं!

वंगणवेडा: तुमच्या इंजिनात साचलंच नाही, म्हणून काही झालं नाही. इथे पावणेदोन लाखाला पहिल्यांदा मारणार. ढेकळं सुटली की चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातल्या, जाळीवर जाऊन बसतात. जाळी चोंदली की ऑइल वर चढत नाही, लाल दिवा लागतो आणि बेअरिंग जातात. फिल्टर जाळीच्या पुढे असतो, नवा टाकून काय उपयोग?

तात्या_फिटर: आमच्या वेळी ऑइल काढून थोडं डिझेल टाकायचो, पाच मिनिटं चालू ठेवायचो. कुणाचं इंजिन बसलं नाही.

कडक_क्लच: तात्या, ती ॲम्बॅसिडर होती. डिझेल पातळ, बेअरिंगवर त्याचा थर टिकत नाही. लोखंडावर लोखंड घासायचं का?

तात्या_फिटर: तुम्ही यूट्यूबवर शिकलात, आम्ही हात काळे करून.

नीलपरी: मी इंजेक्टर क्लीनर टाकते, ॲव्हरेज छान वाढलंय. ई-20 पेट्रोल आल्यापासून तर हवंच.

वंगणवेडा: ताई, ते पेट्रोलच्या टाकीत जातं. विषय ऑइलचा चाललाय. बरं, धागाकर्ते, मुळात फ्लश कशासाठी? गाडीला त्रास काय?

खड्डेमुक्त_स्वप्न: धूर येतो म्हणून तर विचारतोय ना! सकाळी पहिल्या स्टार्टला निळसर, मग बंद. ऑइलही थोडं कमी होतं.

कडक_क्लच: घ्या! रात्रभर उभी राहून सकाळीच धूर म्हणजे बहुतेक व्हॉल्व सील, वरचं ऑइल सिलिंडरमध्ये झिरपू न देणारं रबर. ते कडक झालंय, बाटलीने मऊ होणार नाही. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर कात्रजचा घाट चढतानाही धूर दिसला असता.

वंगणवेडा: ऑइलचं झाकण उघडून मोबाइलचा टॉर्च मार. तपकिरी झाक असेल तर ठीक. नखाने खरवडून निघेल असा काळा थर असेल तर फ्लश नको, चेंबर उतरवून जाळी धुवायची. झाकणाखाली दुधाळ असेल तर ऑइल मोजायची काडीही बघ. तिच्यावरही तसंच असेल तर हेड गॅस्केट जाऊन ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची शंका, कूलंटची पातळी तपास.

खड्डेमुक्त_स्वप्न: पाहिलं. तपकिरी आहे, आतला कॅम (व्हॉल्व उघडणारा दांडा) चकाकतोय, नखाला काही लागत नाही. काडीवर ऑइल काळं, पण दुधाळ नाही.

सह्याद्रीस्वार: म्हणजे फ्लशला हरकत नाही तर!

वंगणवेडा: हरकत नाही, गरजही नाही. मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं ऑइल पुढची एक-दोन वेळा लवकर बदल. उरलासुरला गाळ त्यातले डिटर्जंट हळूहळू काढतील. काळं ऑइल म्हणजे ते आपलं काम करतंय.

रिकामटेकडा: 15 वर्षं झाली ना गाडीला? आरसी रिन्युअल, ग्रीन टॅक्स, कशाला ही झंझट? विकून टाका.

खड्डेमुक्त_स्वप्न: विकायची नाहीये! सील बदलायला हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागतं का, ते कोणी सांगेल का?

तात्या_फिटर: नाही. प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरली की व्हॉल्व खाली पडत नाही, वरच्या वर सील बदलतात. गॅरेजवाला हेड काढू म्हणाला तर का ते विचार. आणि कॅम काढताना टायमिंग चेनच्या खुणा नीट जुळवायला सांग.