राक्षस जन्मतःच दुष्ट कसा? आमच्या मोहिमेत केलेला बदल, तुमचं मत सांगा

मेळघाटचा_डीएम
परतवाड्याजवळच्या आमच्या गावात कृषी केंद्राच्या वरच्या खोलीत दर रविवारी पाच जण डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. टेबलाभोवती बसून, फासे टाकत, आपापलं पात्र होऊन गोष्ट पुढे नेण्याचा हा खेळ. मी डीएम, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा. खेळाच्या पुस्तकातला राक्षस वाघाच्या तोंडाचा, उलट्या तळव्यांचा आणि मुळातच दुष्ट. मी तोंड-तळवे तसेच ठेवले, पण त्याला गाव दिलं, जंगल राखायचं काम दिलं. कारण सांगतो. आमच्यातला एक गडी कोरकू आदिवासी आहे. पहिल्याच लढाईत वीस बाजूंचा फासा मुठीत धरून तो थांबला, टाकेचना. म्हणाला, "आमच्याकडे होळीले मेघनाथाचा खांब पुजतात. रावणाचा पोरगा तो. मी याले काहून मारू?" मला उत्तर देता आलं नाही.

जुना_फासा
नाही पटलं भाऊ. राक्षस हा या खेळातला सगळ्यात हुशारीनं घडवलेला शत्रू आहे. १९७७ च्या पुस्तकात मंतरलेला बाण लागला की तो एका फटक्यात मरायचा. २०१४ च्या आवृत्तीत सहाव्या पातळीपर्यंतचे मंत्र त्याच्या मनाविरुद्ध त्याला लागतच नाहीत. आमच्या खेळात तो तीन रविवार गावचा पुजारी होऊन आमच्या पात्रांसोबत जेवला. एका पोरीनं विचारलं, "महाराज गडवा कसा धरतात?" डीएमनं स्वतःचा तळवा उलटा करून दाखवला आणि सगळे खुर्चीवरून उठले. त्याला शेत-वावर देऊन बसवलं तर ही भीती राहते का? नवा प्राणी करा, याला हात लावू नका.

झाडीपट्टीवाला
भीती दुष्टपणातून नाही, कारणातून येते. आमच्याकडे धान निघालं की रात्रभर नाटकं चालतात. खलनायक नुसता ओरडला तर लोक चहाला उठतात. त्याची जमीन कोणी लुबाडली हे कळलं की पहाटेपर्यंत कोणी हलत नाही. तुमचा तो पुजारी जंगल वाचवायला आला असता तर गडवा पाहून तुम्ही जास्त हादरला असता.

पांढरं_सोनं
मी ऑर्कचं बोलतो, म्हणजे खेळातल्या एका काल्पनिक जमातीचं. २०१६ च्या पुस्तकात ऑर्क पात्र घेतलं की बुद्धिमत्तेत वजा दोन. पोरगा कसाही असो, जमात ऑर्क म्हणून वजा दोन! २०२० मध्ये खेळाच्या कंपनीनं ते काढलं तेव्हा पुष्कळ जुने खेळाडू चिडले. मला बरं वाटलं. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा गेला, तरी आमच्या तालुक्यात चोरी झाली की पोलीस अजून पहिले पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर जातात. 'जन्मतः दुष्ट' हा नियम मी टेबलावरही चालू देत नाही.

जुना_फासा
वजा दोन गेलं ते योग्यच झालं, त्यावर माझं भांडण नाही. पण ऑर्क ही जमात आहे, मुलंबाळं आहेत. खेळातला राक्षस नरकातून आलेला. दोघांना एका मापानं मोजू नका.

पळसफूल
मला दोन्ही बाजू खटकतात. डीएमदादा, तुमची भावना चांगली आहे. पण वाघतोंड्या प्राण्याला जंगलाचा राखणदार करून तुम्ही नकळत म्हणताय की हे म्हणजे कोरकू. 'बिचारे चांगले राक्षस' हे 'दुष्ट राक्षस'पेक्षा बरं कसं? आणि उद्या मेघनाथालाच हिट पॉइंट्स (किती मार सोसेल तो आकडा) देऊन लढाईत उभं करणार का? ज्याच्यापुढे माणसं आज नवस फेडतात त्याला खेळात आणू नये. तुमच्या मित्राला विचारलं का, त्याला काय हवंय?

मेळघाटचा_डीएम
नव्हतं विचारलं. चुकलंच. काल संध्याकाळी त्याच्या वावरात गेलो, तुरीला पाणी सुरू होतं. तो म्हणाला, खांब आणि देव टेबलावर नको, जंगलवालं गावही नको. त्याला राक्षस स्वतः खेळायचा आहे. शहरात राहणारा, धान्याचा व्यापार करणारा, आणि कोणाचं कर्ज माफ करायचं हे स्वतः ठरवणारा. पुस्तकात खेळाडूसाठी असं पात्र नाही, त्यामुळे आकडे बसवायचे आहेत. @जुना_फासा, मंत्र न लागण्याचा गुण पात्राच्या पहिल्या पातळीला दिला तर खेळ बिघडेल ना?

जुना_फासा
बिघडेल. पहिल्या पातळीला फक्त रूप बदलणं द्या, मंत्रांपासून बचाव पुढे हळूहळू वाढवा. आणि तळवे उलटेच ठेवा. हिशेबाची वही लिहिताना तो ते कसे लपवतो, हे त्यालाच ठरवू द्या.