जुन्या स्पूल टेपचे जतन: अमेरिकेतील मूलनिवासी भाषांचा अनुभव

प्रश्न: काकांनी मेळघाटात ध्वनिमुद्रित केलेल्या कोरकू भाषेच्या अकरा स्पूल टेप सदाशिव पेठेतील आमच्या माळ्यावर सापडल्या असून, डब्यांवर केवळ ‘बाई, कथा २’ असे पेन्सिलीने लिहिले आहे. अमेरिकेतील विद्यापीठे मूलनिवासी भाषांच्या अशा टेप कशा जतन करतात?

उत्तर १: टेप घाईने वाजवून पाहू नये. ओलावा शोषून ती चिकट झाली असल्यास चुंबकीय थर टेपयंत्राच्या हेडवरच (टेप वाचणाऱ्या भागावरच) खरवडून निघतो (पुण्याच्या पावसाळ्यात तर विचारूच नका). अंकीकरण करताना, म्हणजे टेप संगणकावर उतरवताना, मूळ प्रत ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्हमध्ये (ध्वनी न दाबता साठवणाऱ्या फाइलमध्ये) ठेवावी. एमपी३ फक्त ऐकण्यापुरती.

उत्तर २: कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीत, १९५३ मध्ये भाषाशास्त्रज्ञ मेरी हास आणि निलगिरीतील तोडा भाषेचे अभ्यासक मरे एमेनो यांनी कॅलिफोर्नियातील भाषांचे सर्वेक्षण सुरू केले, तेथील संग्रहाचा उपयोग आज ते समाज आपली भाषा पुन्हा शिकण्यासाठी करतात. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या लॅटिन अमेरिकी भाषासंग्रहात मुद्रणे कोणी ऐकावीत याच्या पातळ्या ठरवता येतात, कारण विधीतील गाणे सर्वांसाठी खुले असेलच असे नाही. म्हणून ती ‘बाई’ कोण, कोणत्या गावची, हे काकांच्या वह्यांत आधी शोधावे. माझ्या मते अंकीकरणापेक्षा तेच अवघड आहे.

प्रश्नकर्ता: वह्या रद्दीत गेल्या. एक उरली आहे, तीत धारणीजवळच्या एका गावाचे नाव दिसते.