मदत हवी आहे: पायथन काढायला गेलो आणि उबुंटूचा डेस्कटॉपच गेला

छापखानेवाला:
मंडळी, मोबाइलवरून लिहितोय, कमांडी देवनागरीतच टाकल्यात, समजून घ्या.

कराडात माझं छोटं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, अहवाल, पावतीपुस्तकं. दोन वर्षांपासून उबुंटू २२.०४ (लिनक्सची एक ऑपरेटिंग सिस्टीम) वर इंकस्केप आणि स्क्रायबसवर काम भागतं. एका पतसंस्थेचा जुना अहवाल नॉन-युनिकोड फॉन्टात होता, तो युनिकोडात आणायला भाच्याने पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली स्क्रिप्ट दिली. तिला पायथन ३.११ पाहिजे, माझ्याकडे ३.१०. म्हटलं जुनं काढू, नवं टाकू. विंडोजवर आयुष्यभर हेच केलं. 'सुडो ॲप्ट रिमूव्ह पायथन३' दिली. दोन पडदे भरतील एवढी यादी आली आणि खाली वाय की एन. वाय दाबलं.

आता मशीन चालू केलं की काळा पडदा, त्यावर कॉम्प्युटरचं नाव आणि 'लॉगिन'. माउसचा बाण नाही, काही नाही. परवा सकाळी पत्रिका द्यायच्यात. फॉरमॅट मारू का? बॅकअप दीड महिन्यापूर्वीचा आहे (ओरडू नका).

खटपट्या:
विंडोज टाका, सुखी व्हा. ;)

पेंग्विनपंत:
फॉरमॅट अजिबात नको. तुमच्या फाइली जागेवर आहेत, ॲप्ट (उबुंटूत सॉफ्टवेअर टाकायचं-काढायचं साधन) होम फोल्डरला हात लावत नाही. उबुंटूच्या डेस्कटॉपचे कितीतरी तुकडे पायथनवर उभे आहेत. पाया काढला की वरचं सगळं काढावंच लागतं, आणि ॲप्टने त्या यादीत तुम्हाला तेच सांगितलं होतं.

लॉगिन दिसतंय तिथे युजरनेम आणि पासवर्ड टाका. पासवर्ड टाइप करताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, टाइप करून एंटर मारा. लॉगिनच दिसत नसेल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३. मग नेट. फोन डेटा केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. नेटवर्कमॅनेजर बहुधा शाबूत असेल, तो आपण होऊन जोडून घेतो. पिंग करून नेट आलंय का बघा. मग:

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल उबुंटू-डेस्कटॉप

पायथन त्याच्याबरोबर परत येईल. डाउनलोड मोठं आहे, फोनचा डेटा बघून घ्या. आणि इन्व्हर्टर नसेल तर वीज जायच्या वेळेत सुरू करू नका. मध्येच लाइट गेली तर पॅकेजेस अर्धवट राहतात. तसं झालंच तर 'सुडो डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए' आणि त्यानंतर 'सुडो ॲप्ट डॅश डॅश फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'.

छापखानेवाला:
लॉगिन झालं! पण फाइलींची यादी मागितली तर निम्म्या नावांच्या जागी चौकोन दिसतायत. फाइली खराब झाल्या का?

रात्रपाळी:
दादा, त्या फाइलींची नावं मराठीत असणार. त्या काळ्या कन्सोलला देवनागरी दाखवता येत नाही, एवढंच. डेस्कटॉप आला की नावं दिसतील.

छापखानेवाला:
हो, 'शिंदे-पत्रिका-अंतिम-अंतिम' वगैरे. जीव भांड्यात पडला. टेदरिंग चाललं, अपडेट झालं, पण इन्स्टॉलला 'लॉक मिळत नाही, दुसरी प्रोसेस वापरतेय' असं येतंय.

खटपट्या:
व्हार-लिब-डीपीकेजी फोल्डरातल्या लॉक फाइली उडवा, मी नेहमी तेच करतो.

पेंग्विनपंत:
छापखानेवाले, हे करू नका. लॉक म्हणजे आत दुसरं कोणीतरी काम करतंय. उबुंटू ॲप्टची काही कामं मागच्या मागे स्वतःहून चालवतं, नेट मिळाल्या मिळाल्या त्यातलंच काहीतरी सुरू झालं असणार. कुलूप तोडून दोघं एकाच वेळी पॅकेजच्या नोंदवहीत लिहायला लागले तर ती वहीच बिघडते, आणि मग मात्र खरंच फॉरमॅट. चहा घेऊन या. अर्ध्या तासाने तीच अडचण असेल तर कुठली प्रोसेस आहे ते बघू.

खटपट्या, तुमचं मशीन आजवर वाचलं हा तुमचा योग.

छापखानेवाला:
चहाने काम केलं. डेस्कटॉप परत आला, वॉलपेपरसकट! पण प्रिंटर छापत नाही आणि मराठी टायपिंग गायब. पुढच्या वेळी काय करायचं तेही सांगा.

पेंग्विनपंत:
व्हार-लॉग-ॲप्ट फोल्डरात हिस्टरी डॉट लॉग उघडा. कोणत्या तारखेला कोणती कमांड दिली आणि काय काय गेलं, सगळं लिहिलेलं असतं. तुमच्या त्या कमांडखाली 'रिमूव्ह' अशी लांबलचक ओळ असेल. एचपीचा प्रिंटर असेल तर तिच्यात एचपीलिप (एचपीचा ड्रायव्हर) सापडेल, टायपिंगसाठी आयबस आणि आयबस-एम१७एन. तेवढी पॅकेजेस परत टाका. रिमूव्हने ईटीसी फोल्डरातल्या सेटिंगच्या फाइली राहतात, त्या जातात 'पर्ज' कमांडने. तुम्ही पर्ज नाही दिलंत हे बरं.

पुढच्या वेळचं म्हणाल तर वाय दाबण्याआधी यादीची शेवटची ओळ वाचा: किती नवीन येणार, किती जाणार. एक पॅकेज काढताना पन्नास जात असतील तर एन. शंका असेल तर कमांडला 'डॅश एस' लावा, ॲप्ट नुसती रंगीत तालीम करून दाखवतं. ऑटोरिमूव्हची (बिनगरजेची पॅकेजेस काढणारी कमांड) यादीही अशीच वाचा. मन लहान करू नका, नोव्हेंबर २०२१ मध्ये एका नामवंत यूट्यूबरने पॉप ओएस या उबुंटूवर बेतलेल्या सिस्टीमवर स्टीम हे गेमचं ॲप टाकताना आख्खा डेस्कटॉप उडवला. ॲप्टने त्याच्याकडून 'येस, डू ॲज आय से' असं पूर्ण वाक्य टाइप करून घेतलं होतं, तरीही.

रात्रपाळी:
पायथनचं मी सांगते. सिस्टीमचं पायथन सिस्टीमचं आहे, आपलं नाही. ३.११ हे २२.०४ च्या युनिव्हर्स रेपोत (उबुंटूच्या पॅकेजांच्या कोठारात) वेगळं पॅकेज आहे, ते ३.१० च्या शेजारी गुण्यागोविंदाने राहतं. 'पायथन३.११' आणि 'पायथन३.११-व्हेनव्ह' टाका, स्क्रिप्टच्या फोल्डरात व्हेनव्ह (त्या स्क्रिप्टपुरतं वेगळं पायथन) बनवा आणि जे काही पिपने (पायथनची जादा पॅकेजेस आणणारं साधन) घ्यायचं ते त्यातच घ्या. सुडो पिप नको. उबुंटू २३.०४ पासून सिस्टीमच्या पायथनात पिप स्वतःच नकार देतं, लोक ते बंधन मोडायचा पर्याय शोधतात आणि मग इथे धागा काढतात. 'पायथन३' हे नाव ३.११ कडे वळवायचा सल्ला कुठे वाचलात तरी तो पाळू नका, टर्मिनलची खिडकी उघडायची बंद होते.

छापखानेवाला:
अपडेट, अपग्रेड आणि फुल-अपग्रेड यांत फरक काय? मी तिन्ही एकामागून एक देतो.

रात्रपाळी:
अपडेट फक्त दुकानातली यादी ताजी करतं, माल आणत नाही. अपग्रेड माल आणतं, पण असलेलं पॅकेज काढत नाही. फुल-अपग्रेड गरज पडली तर काढतंही, म्हणून ते डोळे उघडे ठेवून. आणि डिलिव्हरीच्या आदल्या रात्री यातलं काहीच नको, पत्रिका गेल्या की रविवारी करा.

छापखानेवाला:
पत्रिका वेळेत गेल्या. एचपीलिप आणि आयबस टाकल्यावर सगळं सुरळीत आहे, बॅकअपही काल रात्री घेतला. स्क्रिप्ट व्हेनव्हमध्ये चालली, फक्त 'दुसऱ्या', 'वाऱ्या' मधला अर्धा र सगळीकडे पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतोय. पायथनचा दोष नाही, भाच्याचा आहे. त्यासाठी वेगळा धागा काढतो.