घोडीले जंताचं औषध द्याचं आहे, डोस सांगा

नमस्कार मंडळी, आर्वीकडं खेड्यात राहतो. देशी घोडी आहे, ८ वर्षांची, गाभण नाही, दाणा-चारा बरोबर खाते, धनुर्वाताची लस झालेली आहे. पण शेपटी खुट्याले घासून घासून मुळाशी केस गेले न् लीदीत बारीक पांढरे जंत दिसून राहिले.

इथं घोड्याची पेस्ट भेटत नाही, मेडिकलवाला गायीचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन टोचा म्हणते, पण घोड्याले त्यानं जागेवर लय सूज येते असं ऐकलं, म्हणून ते टोचाचं नाही. फेनबेंडाझोलची १.५ ग्रॅमची गोळी गुळात देऊन पाहिली, तर बाईसाहेबानं गूळ चाटला न् गोळीचे तुकडे गव्हाणीत टाकले.

वजनकाटा नाही, टेपनं छाती १५० सेंमी, खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत १४० भरली, म्हणजे छाती गुणिले छाती गुणिले लांबी भागिले ११,८८० केलं तर २६५ किलो येते. किलोमागं ७.५ मिग्रॅ धरलं तर २ ग्रॅम.

आमच्या दवाखान्यात सध्या डॉक्टर नाही, नागपूरच्या पशुवैद्यकीय कॉलेजात न्याले गाडीभाडं परवडत नाही.

तर ज्यायच्या घरी घोडे आहेत त्यायनं सांगा, हा हिशोब बरोबर आहे का, दीड गोळी दिली तर चालन का, न् पाण्यात कालवून सिरिंजनं तोंडात कशी सोडाची की थुकणार नाही?