डिशसाठी परवडणारा सिग्नल मीटर कोणता घ्यावा? (खानापूर–बेळगाव भाग)

खानापूर_डिश यांचा प्रश्न

नमस्कार. मी खानापूर तालुक्यात डिश बसवण्याची आणि दुरुस्तीची कामे करतो. बहुतेक कामे डीडी फ्री डिशची असतात, कारण आमच्याकडे एकाच घरात सह्याद्री (मराठी) आणि चंदना (कन्नड) या दोन्ही वाहिन्या हव्या असतात आणि दरमहा पैसे भरण्याची अनेकांची तयारी नसते. अधूनमधून खासगी कंपन्यांच्या डिशही फिरवून द्याव्या लागतात.

सध्या माझ्याकडे बाजारात काही शे रुपयांना मिळणारा, काट्याचा आणि शिट्टी वाजवणारा सॅट फाइंडर (उपग्रहाची दिशा शोधायचा साधा मीटर) आहे. काटा शेवटपर्यंत जातो, शिट्टीही जोरात वाजते, तरी खाली टीव्हीवर ‘नो सिग्नल’ कायम राहतो, असे वारंवार घडते. मग घरातला कोणीतरी टीव्हीसमोर उभा राहून ‘आलं, गेलं’ असे ओरडून सांगतो आणि मी छपरावर डिश हलवत बसतो. कौलारू घर आणि ओली कौले असली की हे काम धोक्याचेही ठरते. पाच हजार रुपयांच्या आत असा मीटर मिळेल का, की ज्याच्यावर भरवसा ठेवून एकट्याने काम पूर्ण करता येईल? घेताना नेमके काय पाहावे, हे अनुभवी मंडळींनी सांगितल्यास उपकार होतील.

बेळगाव_जुना_टेक्निशियन यांचे उत्तर

तुमचा फाइंडर बिघडलेला नाही. तो जे मोजतो, तेवढेच सांगतो. एलएनबीकडून (डिशसमोरच्या दांडीवरच्या, सिग्नल पकडणाऱ्या डब्याकडून) केबलमध्ये येणारी ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमधली सगळी ऊर्जा तो एकत्र मोजतो. ती कोणत्या उपग्रहाची आहे, तिच्यातून चित्र निघेल की नाही, याची त्याला काहीच कल्पना नसते.

आपल्या भागात ही अडचण विशेष जाणवते, त्याचे कारण असे. फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे आणि ९५ अंशांवर दुसऱ्या डीटीएच सेवेचा तितकाच जोरकस उपग्रह आहे. साठ सेंटिमीटरच्या छत्रीचा (डिशचा) झोत केयू बँडवर, म्हणजे डीटीएच ज्या वारंवारतेवर येते त्या पट्ट्यावर, साधारण तीन अंश रुंद असतो. म्हणजे दीड अंशावरचे हे दोन उपग्रह काट्याला वेगळे दिसतच नाहीत. दोघांचा मिळून एकच पसरट चढ लागतो आणि त्या चढाच्या माथ्यावर छत्री थांबवली, तर ती दोघांच्या मधोमध बघत असू शकते. त्यामुळे काटा पूर्ण आणि टीव्ही कोरा, असे होते.

दुसरी गोष्ट एलएनबीच्या तिरपेपणाची, म्हणजे स्क्यूची. बेळगावहून ९३.५ अंशांसाठी भूमितीने तो सुमारे ४९ अंश येतो आणि ८३ अंशांसाठी सुमारे २७. म्हणजे ८३ अंशांवरच्या टाटा प्लेची जुनी छत्री फ्री डिशकडे वळवताना एलएनबी तसाच ठेवला, तर वीसेक अंशांची चूक शिल्लक राहते. या चुकीत आडवे आणि उभे ध्रुवीकरण (उपग्रहाच्या लहरींच्या दोन दिशा, ज्यांवर वेगवेगळे सिग्नल येतात) एकमेकांत मिसळते, पण एकूण ऊर्जा जवळपास तेवढीच राहत असल्याने काट्याच्या मीटरला फरक कळत नाही. क्वालिटी, म्हणजे चित्र निघण्यासाठी सिग्नल किती स्वच्छ आहे ते, दाखवणारा मीटर मात्र एलएनबी बोटभर फिरवला तरी लगेच वर-खाली होतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की पैसे घालायचेच तर ते ट्रान्सपाँडर (उपग्रहावरचा एकेक प्रसारण-संच) लॉक करणाऱ्या, म्हणजे त्याचा सिग्नल ओळखून पकडणाऱ्या, क्वालिटी वेगळी दाखवणाऱ्या आणि पकडलेल्या उपग्रहाच्या नेटवर्कचे नाव पडद्यावर लिहिणाऱ्या डिजिटल मीटरमध्येच घालावेत. वाहिनी सांकेतिक (पैसे भरल्याशिवाय न दिसणारी) असली तरी लॉक आणि नाव दिसते, त्यामुळे खासगी सेवेच्या डिशलाही तो चालतो. काट्याचा फाइंडर टाकून देऊ नका. छत्री पहिल्यांदा आकाशात साधारण दिशेला लावताना त्याच्याइतके चटकन दुसरे काही सांगत नाही. फक्त काटा टोकाला गेला की बटण फिरवून संवेदनशीलता कमी करत जा.

निपाणी_सीमाभाग यांचे उत्तर

वरील विवेचन योग्य आहे. तरीही पाच हजार रुपये एकदम घालण्यापूर्वी एक सोपा मार्ग सुचवावासा वाटतो. बारा व्होल्टवर चालणारा फ्री डिशचा साधा बॉक्स, गाडीतला छोटा एलसीडी पडदा आणि बारा व्होल्टची बॅटरी एका पिशवीत ठेवली, तर बॉक्सचाच सिग्नल पडदा छपरावर मीटर म्हणून वापरता येतो. आमच्याकडे काही जण वर्षानुवर्षे असेच काम करतात.

बेळगाव_जुना_टेक्निशियन

निपाणीच्या मित्रांची युक्ती खरी आहे आणि ज्याला महिन्यातून एखादेच काम मिळते, त्याला ती पुरेशी आहे. पण ज्याचे पोट या कामावर आहे, त्याला ती अडचणीची वाटेल. बॉक्सच्या क्वालिटीची पट्टी बहुधा टक्क्यांत असते, दोन वेगवेगळ्या बॉक्सांचे टक्के एकमेकांशी जुळत नाहीत आणि छत्री हलवल्यानंतर पट्टी बदलायला क्षणभर वेळ लागतो. त्या क्षणात हात पुढे निघून जातो आणि नेमका बिंदू चुकतो. शिडीवर एका हाताने नट धरलेला असताना पिशवीतल्या तीन वस्तू सांभाळणे हाही एक प्रश्नच आहे.

खानापूर_डिश

दोघांचेही मनापासून आभार. दुकानात चौकशी केली तेव्हा सॅटलिंकचे दोन मीटर दाखवले, डब्ल्यूएस-६९०६ आणि डब्ल्यूएस-६९३३. पहिला स्वस्त आहे. दोघांत नेमका फरक काय? आणि एक शंका राहून गेली. जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात चित्र सतत जाते. बसवतानाच मीटरवर असे काही पाहता येईल का, की पाऊस सुरू झाल्यावर ग्राहकाचा फोन येणार नाही?

बेळगाव_जुना_टेक्निशियन

६९०६ फक्त डीव्हीबी-एस (उपग्रह प्रसारणाची जुनी पद्धत) ओळखतो, तर ६९३३ डीव्हीबी-एस२ (नवी पद्धत) सुद्धा ओळखतो. फ्री डिशच्या एमपेग-२ (चित्र दाबून पाठवण्याचा जुना प्रकार, एमपेग-४ हा नवा) वाहिन्या डीव्हीबी-एसने येतात, त्यामुळे ६९०६ त्यांच्यावर लॉक होईल आणि उपग्रहही ओळखेल. पण एमपेग-४ वाहिन्या आणि खासगी सेवांचे एचडी प्रसारण डीव्हीबी-एस२ वर असते. तिथे ६९०६ ला ‘सिग्नल नाही’ असेच दिसेल आणि छत्री बरोबर असूनही तुम्ही ती हलवत बसाल. तुमच्याकडे खासगी कंपन्यांच्या डिशही येतात, म्हणून थोडे जास्त पैसे गेले तरी डीव्हीबी-एस२ असलेलाच घ्या, मग तो याच कंपनीचा असो वा दुसऱ्या.

दुकानात घेताना पडदा उन्हात धरून बघा, कारण आत छान दिसणारा पडदा मे महिन्यात गच्चीवर दुपारी अजिबात वाचता येत नाही. बॅटरी बदलता येते का, हेही विचारा. एलएनबीला १३ आणि १८ व्होल्ट दोन्ही मिळतात का, ते एखाद्या मल्टिमीटरने तिथल्या तिथे तपासता येते. मीटरमध्ये स्थानिक ऑसिलेटरचा आकडा (एलएनबी उपग्रहाची वारंवारता किती मेगाहर्ट्झच्या फरकाने खाली आणतो तो) बदलता येणे आवश्यक आहे: केयूच्या युनिव्हर्सल एलएनबीला ९७५० आणि १०६००, तर मोठ्या सी बँड (केयूहून खालच्या वारंवारतेचा पट्टा) छत्रीला ५१५०.

पावसाबद्दल. ही गोष्ट ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच सर्वांत कमी पाहिली जाते. चित्र येण्यासाठी सिग्नल ते गोंगाट हे गुणोत्तर एका मर्यादेच्या वर असावे लागते. डीव्हीबी-एस२ मध्ये ८पीएसके (लहरीवर माहिती बसवण्याची एक रीत), तीन चतुर्थांश (चारपैकी तीन भाग खरी माहिती, बाकी चूक सुधारण्यासाठी) अशी मांडणी असेल तर ती मर्यादा साधारण ८ डेसिबल आहे. कोरड्या आकाशात मीटर ९ दाखवत असेल तर चित्र स्वच्छ येईल, ग्राहक खूश होईल आणि जूनच्या पहिल्या जोरदार सरीत सगळे बंद पडेल. तोच मीटर १३ दाखवत असेल, तर बऱ्याच सरी निभावून जातील. म्हणून चित्र आले की थांबू नका, डेसिबलचा आकडा जिथे सर्वांत वर जातो तिथपर्यंत जा, आणि टक्क्यांऐवजी डेसिबल दाखवणाराच मीटर पसंत करा. नट घट्ट करतानाही डोळे आकड्यावर ठेवा, कारण शेवटच्या पिळाला छत्री हमखास थोडी सरकते. कणकुंबीच्या बाजूला साठऐवजी नव्वद सेंटिमीटरची छत्री सुचवली, तर क्षेत्रफळ सव्वादोनपट होते आणि साडेतीन डेसिबलची भर पडते. हे कोणत्याही मीटरने मिळत नाही.

बेळगावहून जीसॅट-१५ आग्नेयेला, उत्तरेपासून सुमारे १२८ अंशांवर आणि क्षितिजापासून ६१ अंश उंच आहे. इतक्या उंचीवर आडवी दिशा दोन अंशांनी चुकली तर आकाशात प्रत्यक्ष चूक एका अंशाएवढीच पडते, पण उभ्या कोनाची चूक पूर्णच्या पूर्ण पडते. तेव्हा आधी पाइप ओळंब्यात उभा आहे का ते बघा, मग उभ्या कोनाला वेळ द्या. ऑफसेट छत्री (जिचा एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो) दिसायला बरीच सरळ उभी वाटते, तिच्या तोंडाच्या कोनावरून अंदाज बांधू नका, मागच्या पट्टीवरचे आकडे वाचा. मोबाइलचे होकायंत्र पत्र्याच्या छपरावर आणि लोखंडी पाइपाजवळ भरकटते, म्हणून दिशा अंगणात उतरून ठरवा आणि दूरच्या एखाद्या झाडाची खूण धरा.

निपाणी_सीमाभाग

एक भर घालतो. मीटर जोडण्यापूर्वी एफ कनेक्टर (केबलच्या टोकाची पेचाची जोडणी) उघडून मधली तार आणि बाहेरची जाळी कुठे चिकटलेली नाहीत ना, ते पाहावे. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला लागला, तरी एलएनबीचा वीजपुरवठा शॉर्ट होतो, आणि स्वस्त मीटरांमध्ये त्यापासून संरक्षण असेलच असे नाही. जुन्या जोडणीत पाणी शिरून तार हिरवी पडलेली असेल, तर ती हातभर मागे कापून नवीन कनेक्टर लावावा, त्यावर रबरी टेप गुंडाळावी आणि मगच मीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवावा.