पीएसआय (पोलीस उपनिरीक्षक) मुलाखत: 'पोलीसच का?' याला काय सांगू?

माळरान९७:
ग्राउंड म्हणजे शारीरिक चाचणी निघाली. मुलाखत तीन आठवड्यांवर आलीय. मी सोलापूर जिल्ह्यातली, बीएस्सी ॲग्री, पदवी २०१९ ची. त्यानंतरची वर्षं अभ्यासिकेत गेली, हेच खरं. दोन मॉक (सराव मुलाखती) दिले. दोन्हीकडे 'पोलीसच का?' वर 'लहानपणापासून वर्दीचं आकर्षण, समाजसेवा' असं बोलून बसले. दुसऱ्या ठिकाणचे सर हसून म्हणाले, तुझ्या आधीच्या चौघांनीही हेच सांगितलं. कलमांचीही खिचडी झालीय. फसवणुकीचं जुनं ४२० तोंडात बसलंय, नवं ३१८ येतच नाही. आणि गॅपचं काय सांगू?

रात्रगस्त:
ताई, मी फौजदार आहे, आणि सोलापूरकडचाच. ३१८ साठी झोप घालवू नका. १ जुलै २०२४ ला नवे कायदे आले, आयपीसीच्या जागी बीएनएस (भारतीय न्याय संहिता) आणि सीआरपीसीच्या जागी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता), तेव्हा आम्हीसुद्धा मोबाईलमध्ये बघून कलमं लावत होतो.

पॅनल कलमापेक्षा प्रसंग जास्त विचारतं. रात्री दीड वाजता एक बाई ठाण्यात येते, मंगळसूत्र हिसकावलंय, जागा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत. काय कराल? एका मॉकला पोरगा म्हणाला, 'हद्द आमची नाही, तिकडे पाठवेन.' संपला विषय. गुन्हा झीरोने घ्यायचा, म्हणजे हद्द नसली तरी नोंदवून मग त्या ठाण्याकडे पाठवायचा, बीएनएसएसच्या १७३ मध्ये ते आलंय. हिसकावणं आता बीएनएस ३०४ खाली वेगळा गुन्हा आहे. पण त्याच्याही आधी बाईला खुर्ची द्या, पाणी द्या, मानेला जखम आहे का बघा, असेल तर उपचाराला पाठवा. गाडी कुठल्या दिशेने गेली ते कंट्रोलला कळवून नाकाबंदी मागा. या क्रमाने बोललात की समोरच्याला कळतं, ही पोरगी खरंच ठाण्यात उभी राहील.

सोलापूर म्हटलं की मार्शल लॉ येणारच. १९३० चं आंदोलन, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. माझ्या मुलाखतीत मी नावं धडाधड सांगितली. मग पॅनलमधल्या मॅडम म्हणाल्या, 'तेव्हा तुम्ही तिथे फौजदार असता तर?' मी छाती काढून ठोकलं, 'राजीनामा दिला असता.' लगेच पुढचा: 'मग उद्या मोर्चाच्या बंदोबस्तात साहेबांचा आदेश पटला नाही तर रोज राजीनामा?' घाम फुटला. बेकायदा आदेश वेगळा आणि न पटणारा आदेश वेगळा, हे मला जिना उतरताना सुचलं. मुलाखतीला ४० पैकी १८ गुण.

दुसरी_शिफ्ट:
साडी नेसणार असाल तर आधी एकदा ती नेसून दोन जिने चढून बघा. बाकी कपड्यांवर इथे पानंच्या पानं लिहिलीत लोकांनी, सोडून द्या.

गॅप झाकू नका. 'अभ्यास करत होते, दोनदा मेन्सला राहिले, सोबत घरचं शेत बघत होते.' एवढंच, आणि गप्प. स्पष्टीकरण लांबलं की संशय वाढतो, आरोपीचं असतं तसंच.

माळरान९७:
आभार दोघांचेही. एक विचारू? २०२१ मध्ये बांधावरून भांडण झालं, आबांना मार लागला. ठाण्यात चार तास बाकड्यावर बसून होतो. शेवटी एका हवालदार काकांनी स्वतःचा डबा बाजूला सारला, कागद ओढला आणि म्हणाले, 'आजोबा, तुम्ही सावकाश सांगा, मी लिहितो.' आबा तिथेच रडले. फॉर्म मी त्यानंतर भरला. हे सांगितलं तर चालेल?

रात्रगस्त:
चालेल काय, अहो हेच तुमचं उत्तर आहे! वर्दीचं आकर्षण कुठून काढलंत मध्येच? फक्त ते चार तास गाऱ्हाण्याच्या सुरात नको, डब्यापासून सुरू करा. आणि उलट प्रश्न धरूनच चला: दखलपात्र होतं की अदखलपात्र? तुमच्या हातात काय दिलं? कागद घरी असेल तर आजच काढा.

माळरान९७:
आबांनी पासबुकात घडी घालून ठेवला होता. एनसी आहे, म्हणजे अदखलपात्र. मारहाण, अपमान, धमकी: जुनी ३२३, ५०४, ५०६. म्हणजे आता ११५(२), ३५२, ३५१(२). न बघता लिहिलंय हं.